पांढरी माती, पांढरा चुना : खानदेशातील जुन्या भिंती आणि त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास

१/ धुळ्याच्या किंवा जळगावच्या जुन्या वस्तीतील एखाद्या वाड्याच्या भिंतीवर पावसाळा सरल्यावर हात फिरवला, तर तळव्याला पिठासारखी पांढरी भुकटी लागते. जुनी माणसे म्हणतात, भिंतीला लोणा लागला. मग गवंडी येतो, जुना गिलावा खरवडून काढतो आणि सिमेंटचा ‘पक्का’ गिलावा चढवतो. भिंत गुळगुळीत होते, सर्वांना समाधान वाटते. दोन-तीन पावसाळे जातात आणि लोणा पूर्वी गुडघ्यापर्यंत होता तो कमरेपर्यंत चढलेला दिसतो.

२/ दोष गवंड्याच्या हाताचा नसतो. ती भिंत ज्या पदार्थांची आहे त्यांचा स्वभाव विस्मरणात गेलेला असतो. हा थ्रेड त्या पदार्थांचा, म्हणजे खानदेशातील माती आणि चुना यांचा; आणि भिंत ‘कायमची’ पक्की करण्याच्या हव्यासाने तिचे वेळोवेळी जे नुकसान झाले, त्याचाही.

३/ आरंभ भूगोलापासून. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांखाली आहे तो दख्खनचा काळा बेसाल्ट. चुनखडकाचे मोठे थर येथे नाहीत. मग इतका चुना आला कोठून? उत्तर काळ्या मातीतच दडलेले आहे. बेसाल्ट झिजताना त्यातील कॅल्शियम पाण्याबरोबर झिरपते आणि मातीच्या खालच्या थरांत व नदीकाठच्या गाळात वेड्यावाकड्या खड्यांच्या रूपाने साठते. हा कंकर, म्हणजेच चुनखडी. नांगराला अडथळा म्हणून शेतकरी जो खडा बांधावर फेकी, तोच चुन्याच्या भट्टीचा कच्चा माल होता.

४/ मराठी गावगाड्यात जमिनीचे दोन भाग : कसायची ती काळी आणि वसायची ती पांढरी. पांढरीची माती पांढरट का, याचे कारण निसर्गापेक्षा माणसात अधिक आहे. शतकानुशतकांची राख, शेण, हाडे आणि कोसळलेल्या घरांच्या भिंती मिळून ती माती तयार झाली. खानदेशातील गढ्या आणि धाब्याची घरे हिच्यावरच उभी राहिली. तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेही अशाच एका पांढरीच्या टेकाडाचे. प्रकाशे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेव्हा ते पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळ्याच्या कारभाराखाली होते.

५/ या मातीत क्षार मुबलक असतात. पुढे लोण्याची जी कथा येईल तिचे एक मूळ येथे आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

६/ आता चुन्याकडे. कंकर गोळा करून, धुऊन, लाकूड किंवा कोळशाबरोबर थरावर थर रचून भट्टी लावली जाई. हे काम मुख्यतः लोणारी समाजाचे. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडकातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. शंभर किलो शुद्ध चुनखडकातून केवळ ५६ किलो चुना मिळतो. उरलेला भार हवेत जातो. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो उकळू लागतो, फुटतो आणि त्याची फक्की होते. यालाच चुना विरवणे म्हणतात.

७/ शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. भिंतीवर तेच घडते, फक्त संथपणे. ओल्या गिलाव्यातील चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडकच होतो. भट्टीत जे गमावले ते भिंतीवर परत मिळवायचे, असा हा फेरा. पृष्ठभाग काही आठवड्यांत घट्ट होतो, पण जाड भिंतीच्या आतल्या चुन्याला वर्षे, कधी कधी दशके लागतात.

८/ किल्ले पाहणाऱ्यांनी चुन्याचा घाणा हमखास पाहिलेला असतो : दगडी गोल चर आणि त्यात आडवे पडलेले जड चाक. बैल जुंपून त्या चरात चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेचे चूर्ण, मळले जाई. घाण्यात केवळ मिश्रण होत नसे. वाळूच्या प्रत्येक कणावर चुन्याचा लेप बसे आणि म्हणूनच पाणी कमी लागे. पाणी कमी तर भेगा कमी. फावड्याने घाईघाईने कालवलेल्या चुन्याला हा गुण येत नाही. आजच्या अनेक ‘पारंपरिक’ दुरुस्त्या येथेच फसतात.

९/ येथे एका लाडक्या समजुतीचा समाचार घेणे आवश्यक आहे. अमुक किल्ला गूळ आणि उडदाच्या डाळीने बांधला, असे संदेश फिरत असतात. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, ताग यांचा वापर खरा आहे. परंतु ते मसाल्यातल्या हिंगासारखे होते, अन्न नव्हते. साखरेमुळे चुन्याची पाण्यातील विद्राव्यता वाढते आणि गिलावा जमण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे गवंड्याला घोटायला अवधी मिळतो. तागाचे तंतू भेगा रोखतात. भिंत उभी राहते ती चुन्यावर, वाळूवर आणि मळणाऱ्याच्या मेहनतीवर.

१०/ तंतूंचा विषय निघाला आहे तर वेरूळचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील प्राचीन मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचे मॅनेजर सिंह आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मांडले. गिलाव्यात काय मिसळावे याचा विचार किती जुना आहे, याचा हा पुरावा.

११/ खानदेशच्या चुन्याचे वैशिष्ट्य निराळेच आहे. कंकरात चुनखडीबरोबर चिकणमातीही असते. ती भाजली गेल्यामुळे हा चुना केवळ हवेने नव्हे, तर काही अंशी पाण्याशी संयोग होऊनही घट्ट होतो, ओलाव्यातही जमतो. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन याने एडिस्टोन दीपगृहासाठी १७५६ मध्ये प्रयोग केले, तेव्हा चिकणमातीयुक्त चुनखडकाचा चुना पाण्यातही जमतो हे त्याला उमगले आणि स्थापत्याच्या इतिहासात त्याचे नाव झाले. आपल्याकडील गवंडी तोच गुण रोज वापरत होते. त्यांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत.

१२/ यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. ‘चुना जितका जुना तितका चांगला’ असे म्हणतात. रोमन लेखक प्लिनीनेही तीन वर्षांहून कमी मुरलेला चुना वापरू नये, या जुन्या नियमाचा उल्लेख केला आहे. शुद्ध चुन्याच्या बाबतीत ते खरे. पण कंकराचा चुना ओला करून साठवला तर तो खड्ड्यातच जमून निकामी होतो. तो ताजाच वापरावा लागतो. रोमचे पुस्तक वाचून खानदेशात दुरुस्ती करणाऱ्याची फजिती ठरलेली.

१३/ राजकीय इतिहासाकडे एक धावती नजर. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारुकी घराण्याचा उदय थाळनेर येथे झाला. त्यांच्या कबरी आजही तापीकाठी उभ्या आहेत. पुढे राजधानी बुऱ्हाणपूरला गेली. तेथील शाही किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावर मोगलकालीन रंगकाम अद्याप दिसते. स्नानगृह म्हणजे सतत वाफ, सतत ओल. तरीही तो रंगीत थर टिकून राहिला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

१४/ आज धुळे-जळगावात जी जुनी घरे दिसतात, त्यांतील बहुतेकांची कथा मात्र एकोणिसाव्या शतकातील. १८०३ च्या दुष्काळात आणि होळकरी धुमाकुळात धुळे ओस पडले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला. थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी देऊन तो आला, हेही येथे सांगितले पाहिजे. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने कारभाराचे ठाणे म्हणून धुळे निवडले. १८१९ मध्ये गावाची वस्ती होती २५०९ माणसे आणि ४०१ घरे.

१५/ ब्रिग्जने व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा बिनभाड्याने कायमच्या दिल्या आणि भक्कम घरे बांधण्यासाठी रकमा आगाऊ दिल्या. आजही गल्ली नंबरांनी ओळखले जाणारे सरळ रस्त्यांचे धुळे हे त्या काळच्या आखणीचे फलित. काही दशकांनी रेल्वे आली, भुसावळ आणि जळगाव कापसाच्या व्यापाराने फुगले आणि तेथेही दुमजली वाडे उठले.

१६/ अशा वाड्याची रचना साधारणपणे अशी : खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, खांबांच्या मध्ये भाजक्या किंवा कच्च्या विटांची मातीत रचलेली भिंत, आणि या सर्वांवर चुन्याचा गिलावा. शेवटचा हात बारीक घोटलेल्या चुन्याचा, ज्याला बांधकामाच्या भाषेत नीरू किंवा संदला म्हणतात. म्हणजे गाभा मातीचा आणि कातडी चुन्याची. दुरुस्तीचे सारे प्रश्न या एका वाक्यातून सुटतात किंवा बिघडतात.

१७/ अशी भिंत पाण्याला अडवत नाही, त्याला जाऊ देते. जोत्यातून ओल वर चढते, पावसाचे पाणी बाहेरून शोषले जाते आणि ऊन पडले की गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ते बाष्प होऊन निघून जाते. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर साचतात, गिलाव्याचा थोडा भाग पोपडा होऊन गळतो. तो गळण्यासाठीच असतो. आतली वीट वाचावी म्हणून वरचा थर झिजतो आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या किंवा आखाजीच्या तोंडावर, चुन्याचा हात देऊन ती झीज भरून काढली जाते.

१८/ गाभा मातीचा आणि कातडी चुन्याची, अशा भिंतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना जळगावहून जेमतेम दोन तासांवर आहे : अजिंठा. तेथील चित्रांखाली खडकाची भुकटी, माती, वनस्पतींचे तंतू व भुसा यांचा गिलावा आहे आणि त्यावर चुन्याचा अत्यंत पातळ थर. जिल्हा आजचा औरंगाबादचा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा. पण १८४४ पासून या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवणारा मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये निवर्तला आणि त्याची कबर आहे भुसावळात.

१९/ गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी आले. चित्रे नीट दिसावीत म्हणून या काळात मूळ भिंतींवरच वार्निशचे हात मारले गेले. हेतू शुद्ध होता, घाई मोठी होती.

२०/ मग १९२० च्या सुमारास निजाम सरकारने, गुलाम याझदानी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना, इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा खडकाला चिकटवला. ते काम मोलाचे ठरले आणि त्याविना काही चित्रे खचितच जमिनीवर आली असती. परंतु पृष्ठभाग बळकट व्हावा म्हणून त्यांनी लाखेचे, म्हणजे शेलॅकचे, आवरण दिले. काही वर्षांत ते पिवळे, मग तपकिरी पडले. धूर आणि धूळ त्यात अडकली. रंग जणू काचेमागे काळवंडले. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना तो थर इंचाइंचाने उतरवण्यात अनेक दशके घालवावी लागली.

२१/ चेक्कोनींना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. त्या काळी युरोपातही हीच पद्धत मान्य होती. पण मऊ, झिरपणाऱ्या भिंतीवर कठीण, बंद थर चढवणे ही चूक अजिंठ्यात थांबली नाही. ती वाड्यांच्या अंगणात पोहोचली, सिमेंटच्या गोणीतून.

२२/ जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले. हिंदुस्थानात १९१४ मध्ये पोरबंदर येथे सिमेंटचे यशस्वी उत्पादन सुरू झाले, १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. उभी राहिली. सिमेंट एका दिवसात जमते, गोणीत मिळते, त्याला घाणा लागत नाही, बैल लागत नाही, हिरडा भिजवावा लागत नाही. भट्ट्या विझल्या. घाण्याची चाके अंगणात, रस्त्याच्या कडेला पडून राहिली. चुना मळणाऱ्याची मुले सिमेंट कालवू लागली आणि एका पिढीत हातातली कला गेली. यात कोणाचे कपट नव्हते. नव्या बांधकामासाठी सिमेंट उत्तमच होते आणि आहे.

२३/ जुन्या भिंतीवर मात्र ते शत्रूसारखे वागते. ते कठीण आहे, आतली माती मऊ. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, रात्री उतरतो. दोन थर निरनिराळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि सिमेंटला केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पाणी आत जाते, पण बाहेर येण्याची वाट बंद असते. मग ओल वर, जिथे सिमेंट संपते तिथे, चढते. क्षार गिलाव्यात नव्हे तर विटेतच साचतात, स्फटिक होऊन फुगतात आणि वीट आतून फोडतात. सागवानी खांबाचा भिंतीत गाडलेला भाग कुजू लागतो. बाहेरून सिमेंट धडधाकट दिसते आणि एके दिवशी विटेच्या पापुद्र्यासह ढासळते. सिमेंटमध्ये स्वतःचे क्षार असतात, ते वेगळेच.

२४/ अलीकडे उलट टोकाची एक हौस दिसते : गिलावा पूर्ण खरवडून विटा-दगड उघडे ठेवायचे, ‘अस्सल’ दिसावे म्हणून. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात चर्चांच्या भिंती अशाच खरवडल्या जात होत्या. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि तिला गमतीने ‘खरवड-विरोधी’ म्हटले जाई. वाड्याची मातीत रचलेली वीट कधीही उघडी राहण्यासाठी नव्हती. तिला सोलून ठेवणे म्हणजे अस्सलपणा नव्हे, नग्नता आहे.

२५/ या भिंतींशी इतिहासाच्या अभ्यासकाचा संबंध केवळ सौंदर्याचा नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून जी दप्तरे मिळवली, ती भिंतींतल्या कोनाड्यांत, फडताळांत, माळ्यांवर पडलेली होती. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे पुढच्याच वर्षी उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली. कागदाचे आयुष्य पुष्कळदा त्याच्या पाठीमागच्या भिंतीच्या कोरडेपणाने ठरले. आजही कित्येक घरांत पेट्या त्याच भिंतींना टेकून आहेत.

२६/ मग दुरुस्ती कशी करावी? प्रथम गिलाव्याला हातच लावू नये. पाणी कोठून येते ते शोधावे : फुटलेली पन्हळ, धाब्यावरचे गवत, मोरीची गळती, किंवा वर्षानुवर्षे डांबरावर डांबर चढून जोत्याच्या वर आलेला रस्ता. शेवटचे कारण जुन्या पेठांमध्ये फार आढळते. ते दूर केल्याविना केलेला कोणताही गिलावा वाया जातो.

२७/ नंतर बोटाच्या पेराने भिंत वाजवत जावे. भरीव आवाज येतो तेथे जुना गिलावा तसाच ठेवावा, कितीही डागाळलेला असो. पोकळ आवाज येतो तेथेही लगेच पाडू नये. बारीक छिद्रातून पातळ चुन्याचे मिश्रण आत सोडून तो पुन्हा भिंतीला धरवता येतो. सिमेंटचे ठिगळ मात्र छिन्नीने, विटेला धक्का न लावता, काढावे. ही कामे कंटाळवाणी आहेत आणि मजुरीच्या हिशेबात महाग पडतात. वाडे पडू देण्यामागे उदासीनतेपेक्षा हा हिशेब अधिक असतो, हे मान्य केले पाहिजे.

२८/ क्षार काढण्यासाठी शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप भिंतीवर देतात. लेप सुकताना क्षार ओढून घेतो; मग तो काढून टाकायचा आणि पुन्हा नवा द्यायचा. जुन्या गिलाव्याचा तुकडा सौम्य आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि वाळू उरते. तिचा रंग, जाडी व प्रमाण पाहून नवे मिश्रण ठरवतात. साधारणतः एक भाग चुन्यास दोन ते तीन भाग वाळू. गूळ किंवा हिरडा होता का, हे या साध्या परीक्षेतून कळत नाही.

२९/ आधी भिंत पाण्याने भिजवावी, मग पातळ थर द्यावा, तो थापीने दाबावा, ओल्या गोणपाटाने झाकावा, आणि पुरता जमल्यावरच दुसरा. खानदेशच्या उन्हाळ्यात हे काम काढणे म्हणजे चुना भाजून टाकणे. पाणी उडते आणि चुना जमण्याआधीच सुकून भुकटी होतो. पावसाळा ओसरल्यापासून माघापर्यंतचा काळ योग्य. जुने गवंडी कॅलेंडर न पाहता हे जाणत.

३०/ शेवटी सफेदी. दुधाइतका पातळ चुना, कुंचल्याने, एकावर एक चार-पाच हात. पहिला हात ओला असताना भिंतीवर काही उठतच नाही. जुने डाग, नवी ठिगळे, सारे स्पष्ट दिसत राहते आणि नवखा माणूस घाबरून चुना दाट करू लागतो. तो दाट करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, भिंत सुकल्यावर, ती पांढरी दिसू लागते.